फिर्यादी कुठं बसतो

३० जून, रविवार

पुन्हा डाग. आज तिसरा दिवस. वय छप्पन्न, पाळी जाऊन सहा वर्षं झाली. आयुष्यभर नर्स म्हणून दुसऱ्या बायांना सांगत आले, "असं झालं की अंगावर काढू नका, आधी दाखवा." स्वतःची वेळ आली तर म्हणे उष्णता असेल. वा गं सुमनबाई.

आणि सांगू कुणाला? नेकनूरातल्या झाडून सगळ्या बायांना ठाऊक आहे की माझी गर्भाची पिशवी काढलेली आहे. मीच सांगितलंय. पिशवी नसलेल्या बाईला डाग पडत नाहीत.

उपासनेला गेले. पत्र्याची खोली, एकच पंखा, तोही पास्टरकडं तोंड करून. आज साक्षी होत्या, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून सांगायचं. कालिंदा उठली. (यापुढं का. एवढंच लिहीन.) पदर सारखा केला आणि दरवर्षी बोलते तेच बोलली. "म्या ऊसतोडीला जायची. पोटात दुखायचं, अंगावरून जायचं. देवानं शिष्टर धाडल्या. त्येनी सांगितलं म्हून पिशवी काढली, न्हाईतर कॅन्सरनं कवाच गेले असते. त्येच्या पायी म्या प्रभूकडं आले."

सगळे आमेन म्हणाले. सगळ्यांची तोंडं माझ्याकडं. मीही आमेन म्हटलं. दरवर्षी म्हणते.

२ जुलै, मंगळवार

वहीत तरी खरं असावं. लिहून टाकते.

मी नोकरीला होते तो बीडचा खाजगी दवाखाना आता नाही. तिथं साड्यांचं दुकान झालंय. मी तिथं होते तेव्हा दसऱ्याच्या आधी बायांची रीघ लागायची. तोडीला निघायच्या आधी दाखवून घ्यायचं, कारण फडात नवरा-बायको मिळून एक कोयता, बाई बसली की कोयता बसला आणि मुकादम शिव्या देणार. पोट दुखतंय, पांढरं जातंय, पाळीला लई त्रास. डॉ. दोन मिनिटं बघायचे. "पिशवीला सूज आहे. काढून टाका, पुढं कॅन्सर होईल."

बाया त्यांच्यावर विश्वास ठेवायच्या नाहीत. टाय लावलेला माणूस, त्याचं काय. त्या बाहेर माझ्याकडं यायच्या. मी त्यांच्यातली, त्यांच्यासारखं बोलणारी. एकूण एक बाई एकच विचारायची.

"शिष्टर, तुमी काढली का?"

पहिल्यांदा तोंडातून नुसतं निघून गेलं. "हो गं, अमोल झाल्यावर काढली. बघ की कशी टुणटुणीत आहे." डॉ. पडद्यामागं होते. नंतर म्हणाले, "असंच सांगत जा." नवरा गेलेला, अमोल चौथीत, नोकरी हवी होती. पण नुसतं तेवढंच नव्हतं. डॉक्टरचं ऐकत नाहीत आणि माझं ऐकतात, याचा मला गर्व होता. लाज वाटते लिहायला. होता.

का. चोवीस वर्षांची. एकच पोरगी, कडेवर. तिनं दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा मी हो म्हटलं आणि बोलता बोलता तिचा अंगठा धरून शाईच्या पॅडवर टेकवला.

तिला सूज होती. पंधरा दिवसांच्या गोळ्या पुरल्या असत्या.

३ जुलै

काल लिहिलेलं पान फाडणार होते. नाही फाडलं.

४ जुलै, गुरुवार

गुरुवारचं फुकट बीपी तपासणं. ओट्यावर बाया बसतात, मी मशीन घेऊन. पास्टर जाता जाता म्हणाले, "बाई, तुम्ही थकत नाही का? झाडलोट तुमची, प्रभुभोजनाचा रस तुमचा, आजाऱ्यांना बीडला नेणं तुमचं. देव हजेरी घेत नाही." हसले.

घेत नसेल. मी घेते.

एका म्हातारीच्या दंडाला पट्टा बांधत होते आणि स्पष्ट ऐकू आलं, शिष्टर तुमी काढली का. दचकून विचारलं, "काय म्हणालात?" म्हातारी म्हणाली, "म्या कुटं काय म्हणले?" हे आता दिवसाउजेडी व्हायला लागलंय. कुकरच्या शिट्टीत सुद्धा.

६ जुलै, शनिवार

उद्या प्रभुभोजन, म्हणजे प्रभूच्या आठवणीत भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा प्याला घ्यायचा. रस करायला बसले. काळे मनुके रात्रभर भिजवायचे, सकाळी कुस्करायचे, उकळून गाळायचे. बोटं जांभळी होतात. साबणानं जात नाहीत. दवाखान्यात असताना पण अशीच असायची, त्या पॅडच्या शाईनं. तेव्हा रॉकेल लावायची.

आमच्या मंडळीत एक रीत आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्याला घ्यायचा तर शनिवारी ज्याच्याशी काही बिनसलं असेल त्याच्या दारात जाऊन मन साफ करून यायचं. दुपारभर बायांची ये-जा चालू असते. नळावरून भांडलेल्या जावा आज एकमेकींच्या गळ्यात पडल्या, परत भांडायला मोकळ्या. मी कधी कुणाकडं जात नाही. सगळ्यांना वाटतं, शिष्टरचं कुणाशी बिनसतच नाही.

तीनच्या सुमाराला दारात का. हातात वाटीभर शेंगदाण्याची चटणी.

"शिष्टर, म्या मागल्या म्हयन्यात म्हणले हुते, रस पाणचट झाला म्हून. तुमच्या माघारी म्हणले. मनात ठिवू नका."

मी म्हटलं, "अगं बाई, एवढंच ना?"

"एवढं का असंना. उद्या प्याला घ्यायचाय. मनात किल्मिष नगं."

ती गेल्यावर चटणीची वाटी झाकून फळीवर ठेवली.

७ जुलै, रविवार

पास्टरांचा विषय: नीतिमान ठरणं. आपल्या करणीनं नाही, कृपेनं, तेही नुसत्या विश्वासानं. मला हे पाळण्यापासून पाठ. बाबा सायकलवर गावोगाव उपदेश करत फिरायचे. घरी आले की आम्हा भावंडांना रांगेत बसवून विचारायचे, "माणूस देवापुढं कशानं नीतिमान ठरतो?" उत्तर दिलं की गुळाचा खडा. मी सगळ्यात आधी ओरडायची. खडे पण सगळ्यात जास्त मीच खाल्ले.

पास्टर म्हणाले, असं समजा की कोर्ट आहे. तुम्ही आरोपी. गुन्हा खरा, पुरावा खरा. तरी न्यायाधीश म्हणतो निर्दोष, कारण शिक्षा दुसऱ्यानं भोगलीय. त्याचं नीतिमत्त्व तुमच्या नावावर. तुम्ही फक्त हात पुढं करायचा.

सगळ्यांचे डोळे भरलेले. मी विचार करत बसले की ह्या कोर्टात फिर्यादी कुठं बसतो. न्यायाधीश आहे, आरोपी आहे, वकील आहे. जिचं गेलं ती कुठंय? निकाल तिला कुणी कळवतं का?

ती माझ्या शेजारी बसली होती. चटईवर, मांडीला मांडी लावून. माझ्या नावावर कुणाचं नीतिमत्त्व जमा आहे ते मला ठाऊक नाही, पण का.च्या हिशोबी मी तिला वाचवलंय. जे मी केलं नाही ते माझ्या नावावर. हे पण कृपेसारखंच दिसतं की. म्हणून तर भीती वाटते.

प्याला घेतला. रस पाणचट नव्हता.

९ जुलै, मंगळवार

पास्टरांच्या दुकानात गेले. आठवडाभर ते मोटार वाइंडिंग करतात, तेलगावहून लग्नानंतर इकडं आले. वय पस्तीस असेल. तांब्याची तार गुंडाळत होते. आडून आडून विचारलं. "समजा एखाद्यानं दुसऱ्याचं वाटोळं केलं. देवानं माफ केलं. त्या दुसऱ्याचं काय?"

"त्याला जाऊन सांगावं."

"आणि त्याला माहीतच नसेल तर? उलट तो चांगलंच समजतोय. सांगितलं तर त्याचा विश्वासच मोडेल. मग?"

तार थांबली. "बाई, मी वाइंडिंगवाला माणूस. खरं सांगू? मला नाही माहीत. एवढं माहितीये की सांगून माफी विकत मिळत नाही. आणि न सांगून टिकत पण नाही."

मग म्हणाले, "मी कुणाचं नाव विचारत नाही."

घरी येताना मनाशी म्हणत होते, मी गप्प आहे ते का.साठी. तिची श्रद्धा जपायला. चुलीजवळ येईपर्यंत कळलं, हे पण तेच. "काढून टाक, तुझ्याच भल्यासाठी सांगते."

१२ जुलै, शुक्रवार

आज रक्त जास्त गेलं. दुपारच्या महिला प्रार्थनेत उभी राहिले आणि डोळ्यापुढं अंधारी. का.नं धरलं, पाणी पाजलं. म्हणाली, "पांढऱ्याफटक पडलाव की. काय होतंय?" पोट दुखतं म्हटलं. अर्धं खरं. "मंगळवारी बीडला जायचं. म्या येते संगं." नको नको म्हटलं. ऐकते थोडीच.

बाहेर तिचा नवरा बाबुराव मोटारसायकलवर बसलेला. तो बौद्ध, आत कधी येत नाही. तिला सोडतो, लिंबाखाली थांबतो, घेऊन जातो. मला बघून म्हणाला, "शिष्टर, तुमचा देव तुमाला बी आजारी पाडतो का?" का. डाफरली त्याच्यावर. तो गंमतच करत होता. मागं एकदा म्हणाला होता, "कृपा म्हंजे मेहेरबानीच की. आमच्या आज्यानं पाटलाच्या लई मेहेरबान्या बघितल्या. आमाला नगं. आपलं आपण उभं ऱ्हायाचं." तेव्हा मी त्याला गुळाच्या खड्यावालं उत्तर दिलं होतं.

१६ जुलै, मंगळवार

आज लिहायचं नव्हतं. तरी लिहिते.

उद्या आषाढी, नारायणगडाला जाणाऱ्यांनी स्टँड भरलेला. आमच्या गाडीत उभं राहायला जागा नाही. का.नं कुणाला तरी उठवून मला बसवलं. वाटेत केळी घेतली. "रिकाम्या पोटी तपासतेत का भरल्या?" मी म्हटलं भरल्या. तिनं जबरदस्तीनं एक खायला लावलं.

मी ठरवलं होतं तिला बाहेर बाकावर बसवायचं. बसवलं. सोनोग्राफी झाली. डॉक्टर मॅडम तरुण, चांगल्या. म्हणाल्या, "सोबत कोण आहे? बोलवा आत." मी म्हटलं, गरज नाही, मी स्वतः नर्स आहे. तोवर त्यांच्या मदतनीस पोरीनं दार उघडून हाक मारली होती.

का. केळ्याची पिशवी छातीशी धरून उभी. मॅडमनी तिलाच सांगितलं, माझ्याकडं न बघता. "मावशींच्या गर्भाशयाचं अस्तर जाड झालंय. या वयात हे बरं नाही. तुकडा घेऊन तपासायला पाठवते. पण बहुतेक पिशवी काढावी लागेल."

का. म्हणाली, "त्येंची काढलीया की."

"कुणी सांगितलं? ही काय, स्क्रीनवर दिसते."

मॅडमनी तिला दाखवलं. बोट लावून. का. वाकून बघत होती. मी टेबलावर, पोटावर तो चिकट जेल तसाच. मला पुसायचं सुचलं नाही. का.नं कोपऱ्यातला कागद घेतला आणि माझ्या हातात दिला. पुसून नाही दिलं. हातात दिला.

परतीच्या गाडीत ती मागं जाऊन बसली. नेकनूरला उतरल्यावर केळ्याची पिशवी माझ्या हातात दिली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

१७ जुलै

केळी काळी पडली. टाकवत नाहीत.

२१ जुलै, रविवार

का. आली नाही. बाया मलाच विचारतात, "कालिंदाबाई कावून आल्या न्हाईत? तुमाला ठावं असंल." मी सांगितलं, खुरपणी चालू आहे. लगेच खोटं. सवयच लागलीय जिभेला.

तिची जागा रिकामी होती चटईवर. कुणी सरकून बसलं नाही.

लिंबाखाली गाडी नव्हती.

२३ जुलै, मंगळवार

सकाळी बाबुराव दारात. आत या म्हटलं, आला नाही. "उद्या रानात या म्हणती. म्या नगं म्हणलो हुतो तिला. तिला इचारायचंय म्हणं काय तरी."

दुपारी घासलेलीच भांडी परत घासली. मॅडमनी त्या दिवशी तपासायला तुकडा घेतला तिथं ठणकतंय.

२४ जुलै, बुधवार

गेले. सोयाबीन गुडघ्याएवढं. का. खुरपत होती, एकटीच. मी पण तिच्या शेजारच्या ओळीत बसले. ती पुढं सरकली की मी पुढं. तिनं वर बघितलं नाही.

"मला खरं काय झालतं?"

"सूज होती."

"म्हंजे कॅन्सर?"

"नव्हता. गोळ्यांनी गेली असती."

"तुमाला तवाच ठावं हुतं?"

मी हो म्हटलं. पळवाट होती. डॉ.नी सांगितलं, मला काय कळतंय, असं म्हणता आलं असतं. कळत होतं.

"आन तुमी काढली म्हणलाव ते?"

"खोटं."

"सगळ्यास्नी?"

"सगळ्यांना, का." म्हणजे तिला का. म्हटलं नाही, कालिंदा म्हटलं. बघा, हात कसा चुकतोय.

खुरपं चालूच. नुसतं खर्र खर्र. ओळ संपत आली तेव्हा म्हणाली, "मला अजून लेकरू झालं असतं का?"

"झालं असतं."

तिथं खुरपं थांबलं. मग ती म्हणाली, "मग म्या इतकी वर्सं साक्ष कशाची दिली?"

बाबांनी रांगेत बसवून हा प्रश्न कधी विचारला नव्हता. मी हात जोडले, "मला माफ कर."

"ते रविवारचं बोलणं हितं नगं," ती म्हणाली. आणि परत तण काढायला लागली.

बांधावर बाबुराव उभा. त्याला ती आधीच बोलली असावी. चेहरा काळाठिक्कर. ओरडला नाही. म्हणाला, "आमच्यात कुणी वरून माफ करीत न्हाई, शिष्टर. केलं त्येनंच निस्तरायचं. तुमच्यात सोपं हाय. दुसऱ्यानंच निस्तरून ठिवलंय म्हणं. मग हितं कशाला आलाव?"

पायात चिखलाचे गोळे घेऊन घरी आले. चप्पल रानातच राहिली.

२६ जुलै, शुक्रवार

मला वाटलं होतं सांगितलं की हलकं वाटेल. कुणी सांगितलं होतं देव जाणे. काही हलकं नाही. आधी एक प्रश्न ऐकू यायचा, आता दोन. लेकरू झालं असतं का.

चप्पल ओट्यावर आणून ठेवलेली. धुतलेली. कुणी ठेवली ते दिसलं नाही.

३ ऑगस्ट, शनिवार

मनुके भिजवले. आज पहिल्यांदा मीही निघाले, मन साफ करायच्या रीतीनं. का.च्या घराला कुलूप. ओसरीवर बसले दोन तास. शेजारीण म्हणाली, "लेकीकडं गेल्यात, केजला." उठून आले.

वाटेत आठवलं, इमल पण त्याच गल्लीत राहते. तिची पण पिशवी तेव्हाच काढलेली. दार उघडं होतं, ती पाखडत बसलेली. मला बघून हसली. "या की शिष्टर." मी बीपी कसंय विचारलं आणि पुढं गेले.

भित्री. दुसरा शब्द नाही.

४ ऑगस्ट, रविवार

तबक आलं. रस मी केलेला, भाकर पास्टरच्या बायकोनं. माझा हात उठला नाही. पास्टर वाकून हळूच म्हणाले, "बाई, हे लायक माणसांसाठी नाहीच. घ्या." मला ठाऊक आहे. लहानपणापासून ठाऊक आहे. देव देतोय याबद्दल मला आज पहिल्यांदाच शंका नव्हती, अगदी खरं. पण हात उठेना. शेजारची जागा रिकामी. तिच्या पाठीमागं हे माझं खाणंपिणं उरकून घ्यायचं कसं?

तबक पुढं गेलं. सगळ्यांनी बघितलं.

उपासना झाल्यावर पास्टरना सगळं सांगितलं. नावासकट. ते चटईवरच बसले. म्हणाले, "तुम्ही त्या दिवशी विचारलं होतं ना, फिर्यादी..." मी हे त्यांना विचारलंच नव्हतं, वहीत लिहिलं होतं. पण कदाचित बोलून गेले असेन. ते म्हणाले, "मी घरी जाऊन शोधलं. मला वाटतं तोच फिर्यादी आहे. ज्याला क्रुसावर टांगलं तो. ज्यांचं गेलं त्यांच्या बाकावर तो बसलेला असतो. म्हणून त्यालाच माफ करायचा हक्क."

मी म्हटलं, "मग तो कालिंदाच्या शेजारी बसलाय. माझ्या नाही."

"तिच्या शेजारूनच बघतोय तुमच्याकडं," ते म्हणाले. मला त्यातलं किती पटलं सांगता येत नाही. पण रडू आलं, भोकाड पसरून, पत्र्याच्या खोलीत, लहान पोरीसारखं.

८ ऑगस्ट, गुरुवार

रिपोर्ट आला. पेशी बदलायला लागल्यात. कॅन्सरची सुरुवात म्हणा किंवा उंबरठा. मॅडम म्हणाल्या, "लवकर सापडलं, काढून टाकू, काळजी नको." म्हणजे मी हजार वेळा खोटं बोलले ते वाक्य आता कुणीतरी मला खरं बोललं. हे देवानं केलं का? पास्टर म्हणतात, देव असा सूड घेत नाही, शिक्षा भरून झालीय. मला वाटतं, घेतला असता तर समजायला सोपं गेलं असतं.

सोमवारी भरती, मंगळवारी ऑपरेशन. अमोलला फोन केला. पुण्याहून मंगळवारी पहाटेच्या गाडीनं येतो म्हणाला. त्याला फक्त ऑपरेशनचं सांगितलं. बाकीचं समोर बसवून सांगायचंय.

आज बीपी तपासलं नाही. ओट्यावर पाटी लावली. बाया येऊन वाचून गेल्या.

१२ ऑगस्ट, सोमवार. बीड, दवाखाना

एकटीच आले. सात नंबरची खाट, खिडकीजवळ. दुपारी सलाइन लावलं. पोरी नवीन आहेत, शीर सापडत नव्हती, मीच दाखवली.

चारच्या सुमाराला डोळा लागला असावा. उघडला तर खाटेच्या पायथ्याशी का. डबा, पाण्याची बाटली, आणि त्या केळ्यांच्या पिशवीसारखीच दुसरी पिशवी, घडी घालून. मला वाटलं भास. असले भास मला होतात.

"बाबुराव खाली हायत. गाडी लावायलेत," ती म्हणाली.

मी उठायला गेले. "पडा. सुई निघंल." मग स्टुलावर बसली. डबा मांडीवर घेऊन बोलली, मोजून मोजून.

"माफ केलं असं समजू नका. मला अजून जमलं न्हाई. जमंल का ते बी ठावं न्हाई."

"मग आलीस कशाला?"

"त्या दिवशी मला आत नेलं तवा भायेर माझं कुणी नव्हतं. हे मुकादमाकडं गेलते. सासू पोरीला घिऊन घरी. तुमीच हुतात एकल्या. तुमी माझा हात धरलता." तिनं स्वतःच्या अंगठ्याकडं बघितलं. "एकटीनं आत जायचं कसं असतंय ते मला ठावं हाय. वैऱ्याला बी नगं."

मी काही केलेलं नाही हिच्या येण्यासाठी. एक साधी गोष्टही नाही. चप्पल सुद्धा तीच धुऊन ठेवून गेली होती, आत्ता विचारलं तर हो म्हणाली.

मग म्हणाली, "घरी आलाव का पयलं इमलकडं जायाचं. मग शेवंताकडं. मग गल्लीच्या तोंडावरची ती मुकी. सगळ्या कुठं ऱ्हात्यात मला ठावं. म्या नेते. बोलायचं तुमी."

"तू येशील सोबत?"

"मंग? तुमी एकट्या बीपी इचारून माघारी येताव. इमलनं सांगितलं मला."

एवढ्यात सिस्टर आली, फॉर्म घेऊन. नातेवाइकाची सही लागते म्हणाली. मी म्हटलं मुलगा सकाळी येतोय. "ताई, फॉर्म आज वर जायचाय." मी म्हटलं मग सकाळपर्यंत थांबा. का. म्हणाली, "आणा हिकडं."

सिस्टरनं सवयीनं शाईचं पॅड पुढं केलं. जांभळं. मी सलाइनचा हात पांघरुणाखाली घेतला.

"अंगठा न्हाई," का. म्हणाली. "सही येती मला. प्रार्थनेच्या बायांच्या वर्गात शिकले."

स्टुलावर फॉर्म ठेवून तिनं सही केली. एकेक अक्षर, जिभेचं टोक दातात धरून. 'का' जरा मोठा आला. लई वेळ लागला. सिस्टर पेन वाजवत उभी. मग तिनं पुढचा रकाना दाखवला.

"पेशंटशी नातं?"

का.नं माझ्याकडं बघितलं. सोनोग्राफीच्या स्क्रीनकडं वाकून बघितलं होतं तसंच. मी नजर खाली केली नाही. आज पहिल्यांदा.

"ते रिकामं ठिवा," ती म्हणाली.

"रिकामं चालत नाही, मावशी. काहीतरी लिहा. बहीण लिहू का?"

"न्हाई. काहीतरी न्हाई लिवायचं. आत कवा नेणार?"

"सकाळी आठला."

"तवर सांगते."

सिस्टर फॉर्म घेऊन कुरकुरत गेली. का. डबा उघडतेय. मेथी आहे. बाहेर बाबुराव कुणाला तरी सात नंबर विचारतोय. रकाना अजून रिकामा आहे.